कुणाचं काही लागत नाही

"त्यांना कुणाचं काही लागत नाही" हे वाक्य माझ्या लहानपणी, कारंज्याला, फक्त साधूंच्या बाबतीत ऐकू यायचं. तेही साधू स्वतः म्हणत नसत, श्रावक त्यांच्याविषयी म्हणत. आता तेच वाक्य मी अगदी वेगळ्या माणसांकडून ऐकते, आणि तीही स्वतःविषयी म्हणताना. ही माणसं गाडीलाच घर करून फिरणारी. पुण्या-नागपूरकडून कान्हाला निघालेली अशी एखादी गाडी हिवाळ्यात आमच्या बालाघाटवरून, उकवा-बैहर करत मुक्कीकडे जाताना दिसते. कान्हाचं मुक्की दार आमच्या जिल्ह्यात येतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं. त्यांच्या लेखी कान्हा म्हणजे मंडला. असो.

या गाड्यांसाठी सरकारी धोरणंसुद्धा झाली आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही. त्यांत कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे: गाडी उभी करायला जागा, विजेची जोडणी, पाणी, संडास-न्हाणी, मैला रिकामा करायची सोय. पण ज्यांना ही हौस मनापासून लागली आहे त्यांना पार्क नको असतो. ओळीत गाडी लावून सामाईक संडासापुढे टॉवेल घेऊन उभं राहायचं, तर मग लॉज काय वाईट होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांना माळ हवा, नदीकाठ हवा, आणि खांबावरून आलेली एक तारसुद्धा नको. माझा पुण्याचा भाचा त्यांतला. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको मुक्कीकडे जाताना दोन रात्री आमच्या अंगणात उतरले. घरात तीन खोल्या रिकाम्या असताना दोघं झोपले गाडीतच. "आत्या, गैरसमज नको करून घेऊस. पण आम्हाला आता कुणाचं काही लागत नाही," असं तो म्हणाला, आणि मला सगळी गाडी उघडून दाखवली.

मी ती गाडी फार बारकाईने पाहिली. आपल्या बायकांना दुसऱ्याचं स्वयंपाकघर दाखवलं की आपण डबे मोजतो, तशी. छतावर दोनशे-दोनशे वॉटच्या दोन सौर पाट्या. खाली बाकाच्या पोटात बॅटरी. त्याच्या हिशोबाने पूर्ण भरली की अडीच युनिट वीज. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसभरात साधारण दीड युनिट परत येतं. म्हणजे दोन दिवे, पंखा, फोन आणि छोटा फ्रिज निभावतो. इंडक्शनची शेगडी पूर्ण आचेवर लावली तर सव्वा तासात सगळी बॅटरी संपेल, म्हणून स्वयंपाक गॅसवर. मिक्सर एक मिनिटच, तोही दुपारी, ऊन असताना. गाडी सालाच्या झाडाखाली लावली तर गारवा मिळतो पण वीज मिळत नाही. उन्हात लावली तर वीज मिळते आणि माणसं भाजतात. पाण्याची टाकी शंभर लिटरची, दोघांना तीन दिवस पुरवायची. सूनबाई दीड तांब्यात दोघांची ताटंवाट्या धुते हे मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी तिला जवळ घेतलं असतं.

खरं सांगते, मला ते आवडलं. घरात आपण वीज किती वापरली हे बिल आल्यावर कळतं, आणि तेव्हाही आपण रक्कम पाहतो, युनिट पाहत नाही. पाण्याचं तर बिलही धड येत नाही. त्या गाडीत प्रत्येक वस्तूला तळ होता, आणि तो तळ रोज दिसत होता. आपल्या श्राविकेच्या बारा व्रतांत परिग्रहाचं परिमाण आहे, भोगोपभोगाचं परिमाण आहे. परिमाण म्हणजे माप. आपण ते चातुर्मासात वहीत लिहितो: इतक्या साड्या, इतक्या भाज्या, इतके रस. ही मुलं कुठलीही वही न लिहिता ते पाळत होती, कारण टाकीच तेवढी होती.

मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, ही विद्या आपल्या घराला नवी नाही. फ्रिज नसतानाचं सगळं शास्त्र आपल्या आज्यांच्या हातांत होतं. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढे ते मर्यादेबाहेर. पाणी नुसतं गाळलं तर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. लवंग घालून प्रासुक केलं तर सहा तास. उकळलं तर चोवीस तास. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटोपली की स्वयंपाकघराला दिवाच लागत नाही. त्या दोन रात्री ती दोघं आमच्याबरोबर साडेपाचला जेवली, आणि सकाळी भाचा बॅटरीचा आकडा पाहून खूश झाला. धर्मासाठी नाही, बॅटरीसाठी. पण जेवली वेळेवर!

तेव्हा परिमाणाबद्दल माझा वाद नाही. माझं अडलं ते "कुणाचं काही लागत नाही" या वाक्यापाशी.

आता कोणी म्हणेल, गॅस कुठून आला, डिझेल कुठून आलं, रस्ता कोणी बांधला? हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. एकमेकांवाचून कोणाचंच चालत नाही हे कोणाहीबद्दल सिद्ध करता येतं, आणि सिद्ध करून हाती काही लागत नाही. मला विचारायचं आहे ते जवळचं. रात्री गाडी थांबते ती जागा कोणाची? टाकी भरते ते पाणी कोणाचं? आणि तीन-चार दिवसांनी संडासाची ती वीस लिटरची पेटी भरते, ती कुठे रिकामी होते? तार आणि नळ होते तोवर या तीन प्रश्नांची उत्तरं नगरपालिकेकडे होती. आपण कर भरत होतो आणि विसरत होतो. तार तोडली की हे तिन्ही प्रश्न समोर उभ्या असलेल्या माणसाचे होतात. म्हणजे गरज कमी झाली नाही, ती दूरच्या माणसाकडून जवळच्या माणसाकडे आली. आणि जवळचा माणूस कर घेत नाही, पावती देत नाही, बहुतेक वेळा काही बोलतही नाही.

परतताना ती दोघं पुन्हा आमच्याकडून गेली. बैहरच्या पुढे एका पडीक शेतात ती एक रात्र राहिली होती. सकाळी एक म्हातारा आदिवासी माणूस दूर उभा राहून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. भाच्याने त्याला चहा दिला, तो प्यायला आणि निघून गेला. "किती निर्मळ माणसं असतात ना, आत्या," भाचा म्हणाला. सूनबाईने मात्र नंतर स्वयंपाकघरात मला हळूच सांगितलं की आमची गाडी त्याच्या गुरांच्या वाटेत उभी होती. आम्ही निघालो आणि आरशात मला त्याच्या गाई त्याच जागेवरून जाताना दिसल्या. तिने आणखीही एक सांगितलं. "संध्याकाळी जागा शोधायची वेळ झाली की हे नजारा बघतात. मी बघते की रात्री दार उघडलं तर ते कोणाच्या बाजूला उघडेल."

हे दुसरं वाक्य पुरुषांना सहसा कळत नाही. खुल्या माळावर मुक्काम हे स्वातंत्र्य असेल, पण ते नवऱ्याचं आणि बायकोचं सारखं नसतं. आपल्यातल्या ज्यांनी विहारात आर्यिका माताजींबरोबर चार पावलं टाकली आहेत त्यांना हे सांगायला नको.

सुविधा नसणं निवडलेलं असतं तसं नशिबी आलेलंही असतं, आणि दोन्हींत फरक केवढा ते पाहायचं तर बीडकडच्या ऊसतोड बायका आठवाव्यात. वर्षातले सहा-सहा महिने कारखान्याच्या आसपास कोपीत राहायचं. दिवा नाही, न्हाणी नाही, संडास नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने समिती नेमली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्याला कारणं पुष्कळ आहेत, डॉक्टर आहेत, मुकादम आहे, एक दिवस खाडा झाला तर कापली जाणारी मजुरी आहे. पण आडोसा नाही आणि धुवायला पाणी नाही, हेही त्यांतलं एक कारण आहे. भाच्याला या बायका आणि आपण एकाच तऱ्हेने राहतो असं कधी वाटलं नसेल. मलाही वाटत नाही. पण माळावरचं जिणं सुंदर आहे असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी त्या कोप्या येतात, त्याला माझा इलाज नाही.

मागे काय टाकायचं याचा आपल्या आचार्यांनी फार विचार केलेला आहे. साधूच्या पाच समिती आपण पाठ म्हणतो: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि शेवटची प्रतिष्ठापन. पहिल्या चारांवर प्रवचनं होतात. पाचवीशी आलं की महाराज एका वाक्यात पुढे जातात आणि आपण खाली बघतो. पण वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात मलमूत्र टाकायची जागा कशी असावी हे नीट सांगितलं आहे: एकांतातली, जीवजंतू नसलेली, वस्तीपासून दूर, आडोशाची, ऐसपैस, आणि सहावी गोष्ट, अविरोध. म्हणजे जिथे कोणाची हरकत नाही अशी. मला या सहाव्या शब्दाचं मोठं नवल वाटतं. पहिल्या पाच गोष्टी डोळ्यांनी पाहून ठरवता येतात. सहावी पाहून कळत नाही. तिच्यासाठी दुसऱ्या माणसाचं मन कळावं लागतं.

हे मी फक्त भाच्यासाठी सांगत नाही. एका मोठ्या शहरातल्या धर्मस्थानात मी राहिले होते. तिथे त्यागी मंडळींना फ्लशचा संडास चालत नव्हता, पाण्यातल्या जीवांसाठी. अंगण नाही, माळ नाही, चहूकडे इमारती. मग सकाळी एक बाई यायची आणि ते सगळं उचलून न्यायची. तिला महिन्याचे पैसे होते. माणसाने माणसाचा मैला हाताने उचलण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा बाजूला ठेवा. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवाची दया करताना दाराशी उभ्या पंचेंद्रिय जीवाच्या डोक्यावर घमेलं येत असेल, तर सहावा शब्द पुन्हा वाचायला हवा. हा प्रश्न साधूंचा नाही. ते मुक्काम ठरवत नाहीत. मुक्काम ठरवतो आपण, श्रावक.

आता आपल्याच गाडीकडे येते.

आमच्या बालाघाटवरून संघांचं येणं-जाणं असतं. डोंगरगडची चंद्रगिरी इथून फार लांब नाही. आचार्य विद्यासागर महाराजांची समाधी तिथे १८ फेब्रुवारी २०२४ ला झाली, तेव्हापासून त्या वाटेवर पायी जाणारे आणखी दिसतात. गोंदियाकडे जाताना राजेगावला बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र. एवढ्या वाटेत आपल्या समाजाची घरं सगळीकडे कुठे असणार? म्हणून महिला मंडळाचा चौका टेम्पोतून पुढे जातो. पितळी भांडी, जातं, गॅस, धान्याचे डबे, सोवळ्याच्या साड्या, गाळणी, दोर, बादल्या. एखाद्या गावी शाळेच्या पडवीत किंवा कोणाच्या गोठ्याशेजारी जागा मिळते. वीज नकोच असते, कारण सगळं काम उजेडातलं. नळ चालत नाही. हातपंपही चालत नाही. बाहेरच्या कोणी वाचलं तर त्याला हे खूळ वाटेल, म्हणून कारण सांगते: पाणी गाळल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते त्याच पाण्यात परत पोहोचवायचे असतात. त्याला आपण जिवाणी म्हणतो. वरून फेकायचं नाही, तर तळाला कडी असलेली बादली पाण्याला टेकवून अलगद उलटी करायची. हातपंपात आणि नळात परत कसं सोडणार? तेव्हा विहीर हवी.

म्हणजे खांबावरची तार नको, नळ नको, सामाईक सोय नको, आपली गाडी आणि आपली भांडी. भाच्याची गाडी आणि आमचा टेम्पो यांत मला फार अंतर दिसत नाही. आणि मंडळातल्या बायकाही अभिमानाने तेच म्हणतात: आपल्या चौक्याला कुणाचं काही लागत नाही.

गेल्या मे महिन्यात तीन माताजी गोंदियाकडे निघाल्या होत्या. राजेगावच्या अलीकडे एका गावात चौका ठरला. आम्ही सातला पोचलो. गावात नळ आले आहेत, पण उन्हाळ्यात तोट्या कोरड्या. सगळं गाव त्या एका विहिरीवर. विहिरीचा झरा मंद. दहा-बारा बादल्या काढल्या की पाणी पुन्हा साचायला थांबावं लागतं. काठावर बावीस गुंड रांगेत मांडून ठेवलेले, बायका झाडाखाली बसलेल्या. आम्हाला हव्या होत्या आठ बादल्या. माताजींची आहारचर्या साधारण दहाला. पाणी उकळून निवायला हवं, दळण, स्वयंपाक, शोध. चौका तयार झाला नाही तर माताजी परत फिरतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. तेही मे महिन्यात, दहा-बारा किलोमीटर चालून आल्यावर. पहाटे चारला येऊन पाणी भरून ठेवू म्हटलं तर सूर्योदयाआधी पाणी काढता येत नाही, अंधारात जीव दिसत नाहीत. सगळे नियम बरोबर होते, आणि त्या सगळ्या नियमांच्या मध्ये ते बावीस गुंड.

आमच्यात एक काकू आहेत. सत्तरीच्या, चाळीस वर्षं चौका लावतात, त्यांच्या हातच्या आहाराला अंतराय आलेला मी पाहिला नाही. काकू म्हणाल्या, सरळ पुढे जा, त्यागी माताजींसाठी पाणी हवं म्हणून सांगा, एकही बाई नाही म्हणणार नाही. आणि ते खरंच होतं. एकही नाही म्हणाली नसती. मी म्हटलं, काकू, म्हणूनच जायचं नाही. टेम्पो घेऊन आलेल्या, शहरातल्या, नऊवारी-पाचवारी नेसलेल्या दहा बायका देवाधर्माचं नाव सांगून उभ्या राहिल्या, तर त्या झाडाखालच्या बाईला नाही म्हणायची वाट उरते कुठे? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने दिलेलं, ते दिलेलं म्हणायचं का?

काकूंचं उत्तर तयार होतं. पाणी आणि माती ही कोणाची नसतात, त्यात चोरी कसली? हे आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे, अचौर्याच्या पाठातच. पण अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात याविषयी जे आहे ते जरा थांबून वाचावं. तिथे विहिरीचं पाणी घेणं अदत्त नाही असं म्हटलेलं नाही. म्हटलं आहे ते असं, की ज्यांना विहिरीचं पाणी वगैरे घेणंसुद्धा सोडणं जमत नाही, त्यांनी निदान बाकीचं सगळं न दिलेलं कायमचं सोडावं. म्हणजे ही सवलत आहे, हक्क नाही. आचार्यांच्या हिशोबात ते पाणी न दिलेल्यातच मोडतं. आपलं सामर्थ्य कमी म्हणून त्यांनी तिथे डोळा मिटला आहे. आणि त्यांनी डोळा मिटला असेल तो भरलेल्या विहिरीपुढे, असं मला वाटतं. बावीस गुंडांपुढे त्यांनी काय लिहिलं असतं हा विचार आपला आपण करायचा.

आम्ही बादली रांगेच्या शेवटी ठेवली. काकू पडवीत जाऊन बसल्या. पावणेनऊला एक बाई उठली, आमची बादली उचलून तिने स्वतःच्या गुंडापुढे आणून ठेवली. "आमचं एक राहू द्या जी, तुमी भरा पयले. माताजी उपाशी राहतीन." आम्ही कोणासाठी पाणी भरतो हे तिला कसं कळलं कोण जाणे, गावात सगळं कळतं. मग आणखी एकीने आपली पाळी दिली. आठ बादल्या काही झाल्या नाहीत, पाच झाल्या. एक भाजी कमी केली, भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसली. दहाला पाच मिनिटं कमी असताना चौका उभा राहिला, पडगाहन झालं, तिन्ही माताजींचा आहार झाला. त्यांना यातलं काही माहीत नाही आणि सांगायचंही नसतं. काकू गोंदियापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण त्या आधीचं एक सांगायचं राहिलं. पाचवी बादली गाळून झाल्यावर आमच्यातली एक मुलगी जिवाणी सोडायला विहिरीवर गेली. पाळी देणारी ती पहिली बाई बाजूलाच होती. कडीच्या बादलीचा तो अलगद उलटा होण्याचा प्रकार तिने नीट पाहिला आणि विचारलं, हे पाणी वापस कायले टाकता? मुलीने सांगितलं, यात बारीक जीव असतात, त्यांचं घर हे, म्हणून त्यांना घरी पोचवतो. बाई हसली. अगदी चांगल्या मनाने हसली. म्हणाली, "जीव वापस देता, पानी नाई देत."

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पर्समधून पाचशेची नोट काढून तिच्याकडे पाठवली. तिने घेतली नाही. नोट परत आली, आणि ती परत आल्याचा काकूंना खरोखर राग आला. मला वाटतं काकूंना तो हिशोब मिटवायचा होता. मला तो मिटावा असं वाटत नाही. भाच्यानेही त्या म्हाताऱ्याला चहा दिला होता, आणि त्याच्या मते तिथे सगळं मिटलं होतं.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं की दोघींनी आदल्या दिवशी गावात जावं, विहीर पाहावी, तिथल्या बायकांना विचारावं: पाणी आहे का, किती देता येईल, नसेल तर तसं सांगा, आम्ही पुढचं गाव बघतो. नाही म्हणायला सोपं जाईल असं विचारावं, माताजींचं नाव न घेता. यावर काकूंनी मोठा आक्षेप काढला, आणि तो फुसका नाही. त्या म्हणाल्या, आदल्या दिवशी जाऊन माताजींसाठी म्हणून पाणी ठरवून ठेवलं तर तो आहार उद्दिष्ट होतो. साधूला उद्देशून केलेलं साधूला चालत नाही. आपण त्यांच्या व्रताला डाग लावायचा का? मी म्हटलं, काकू, चार सिलिंडर आणि जातं घेऊन टेम्पो कोणाला उद्देशून निघतो? बायका हसल्या, काकूही थोड्या हसल्या, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही, आणि त्यांचं म्हणणं मी अजून पुरतं खोडलेलं नाही. दुसरी एक म्हणाली, आपल्या गावच्या विहिरीचं पाणी पिंपात भरून नेऊ. तर गाळलेल्या पाण्याची मर्यादा अठ्ठेचाळीस मिनिटं. पुन्हा गाळलं तर जिवाणी सोडायला चाळीस किलोमीटर मागे यायचं का? उकळून न्यावं तर त्याचे चोवीस तास मोजावे लागतात, आणि तीनशे लिटर पाणी उकळायला गॅस किती जाईल ते कोणी मोजलेलं नाही. सूनबाईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, आत्या, तुमच्या गाडीला टाकी किती लिटरची बसवायची ते आधी ठरवा, मग नियम ठरवा.

शेवटी दोघींनी पुढे जायचं एवढं ठरलं. माझ्याबरोबर दुसरी कोण, यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंच्या सुनेने हात वर केला, सासूकडे न बघता.